दर्या की दऱ्या? ऱ्य मधला अर्धा र कॉम्प्युटरमध्ये नीट लिहायचा कसा, तपासायचा कसा

शेतक-यांना, दुस-या, अधिका-यांनी, पाय-या. असं मधेच डॅश घुसवलेलं मराठी तुम्ही चिक्कार वेळा वाचलं असेल. किंवा मग शेतकर्यांना, दुसर्या, म्हणजे सरळ रफार देऊन मोकळं. दोन्ही चूक आहेत आणि दोन्ही मागे कारण एकच, ऱ्य आणि ऱ्ह मधला तो अर्धा र कीबोर्डवर सापडत नाही, आणि सापडला तरी तो आत नेमका कसा साठवला जातो हे माहीत नसतं त्यामुळे एका ठिकाणी बरोबर दिसतो आणि दुसरीकडे पेस्ट केला की गायब. ते सगळं इथे पहिल्यापासून सांगतो, बिट आणि बाइटपर्यंत, कारण एकदा आतलं कळलं की टाईप करणं, शोधणं, जुनं लिखाण दुरुस्त करणं हे सगळं आपोआप सुटत जातं.

आधी एवढं लक्षात घ्या की ही फक्त दिसण्याची गोष्ट नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात तर एक गुरुजी आणि एक स्वयंपाकी. अक्षर चुकलं की शब्दच बदलतो, म्हणून कॉम्प्युटरला हा फरक कळायलाच हवा.

आत काय साठवलं जातं

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक (कोड) देणारं मानक. त्यातला देवनागरीचा पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ असा आहे, १२८ जागा. त्यात आपला नेहमीचा र आहे ०९३० वर आणि त्याच्या लगेच पुढे ०९३१ वर आहे ऱ, म्हणजे खाली नुक्ता (टिंब) दिलेला र. पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, आहे ०९४डी वर. आणि य आहे ०९२एफ वर. (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळावर आधारलेल्या पद्धतीत आहेत, त्यामुळे ९ नंतर ए बी सी डी ई एफ येतात. प्रत्यक्ष टाईप करताना आकडे आणि अक्षरं इंग्रजीच वापरायची, इथे फक्त वाचायला देवनागरीत लिहितोय.)

आता दर्या असा साठवतात: द, र, हलन्त, य, काना. पाच कोड. रफार नावाचं वेगळं अक्षर युनिकोडमध्ये नाहीच! र चा पाय मोडून पुढे व्यंजन आलं की फॉन्ट आणि टेक्स्ट दाखवणारा प्रोग्रॅम मिळून ठरवतात की हा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा. साठवलेला आहे आधी, दिसतो मात्र वर आणि नंतर.

आणि दऱ्या असा: द, ऱ, हलन्त, य, काना. परत पाचच कोड. फरक कुठे आहे बघा, फक्त दुसऱ्या जागी ०९३० ऐवजी ०९३१. बायनरीत मांडलं तर र आहे ००००१००१ ००११०००० आणि ऱ आहे ००००१००१ ००११०००१. शेवटचा एक बिट! समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांच्यात कॉम्प्युटरच्या दृष्टीने एका बिटाचं अंतर आहे, आणि मला हे फार सुंदर वाटतं, कारण मराठी लिपीतला इतका बारीक भेद कोणीतरी विचार करून नीट जागेवर बसवून ठेवलाय.

नियम असा की नुक्तावाल्या ऱ चा पाय मोडला की त्याचा रफार करायचा नाही, त्याचं अर्धं रूप दाखवायचं, आणि ते अर्धं रूप म्हणजेच आपला पापणीसारखा वळलेला र. युनिकोडच्या कागदपत्रांत त्याला आयलॅश र असंच म्हणतात आणि तो मराठी आणि नेवारी (नेपाळमधली एक भाषा) लिहिताना लागतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हा नियम युनिकोडने आयएससीआयआय म्हणजे इस्की या भारतीय मानकातून उचलला. तिथेही र २०७ वर आणि ऱ २०८ वर, शेजारी शेजारी. इस्कीचा तक्ता सगळ्या भारतीय लिप्यांना मिळून एक होता, त्यात तमिळ आणि मल्याळममधल्या कडक र साठी एक जागा होती, देवनागरीत त्याच जागेवर ऱ बसला. आजही युनिकोडमध्ये देवनागरीत ०९३१, तमिळमध्ये ०बीबी१, मल्याळममध्ये ०डी३१, म्हणजे प्रत्येक लिपीच्या पट्ट्यात अगदी त्याच क्रमांकाची खोली. आपल्याकडे पूर्ण ऱ एरवी लागत नाही, लागतो तो फक्त पाय मोडलेला, म्हणून बऱ्याच जणांना हे अक्षर कशाला आहे तेच कळत नाही आणि नुक्ता बघून "हे तर हिंदी-उर्दूचं असेल" म्हणून सोडून देतात. सोडू नका. हेच ते.

बाइट कसे पडतात

फाईलमध्ये किंवा नेटवरून जाताना हे कोड बहुतेक वेळा यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कोडचे बाइट करायच्या एका ठरलेल्या पद्धतीत, जातात. त्यात देवनागरीच्या प्रत्येक कोडला तीन बाइट लागतात. ऱ घेऊन करून बघू, कागद पेन घ्या, मजा येते. ०९३१ चे १६ बिट आहेत ००००१००१००११०००१. याचे ४, ६ आणि ६ असे तुकडे करा: ००००, १००१००, ११०००१. पहिल्या तुकड्याच्या आधी १११० लावायचं, पुढच्या दोन्हीच्या आधी १० लावायचं. झाले तीन बाइट: १११०००००, १०१००१००, १०११०००१. हेक्समध्ये ई०, ए४, बी१. साधा र याच पद्धतीने ई०, ए४, बी० येतो आणि हलन्त येतो ई०, ए५, ८डी.

म्हणजे अख्खा दऱ्या हा शब्द पाच गुणिले तीन, १५ बाइट. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकी दोन, म्हणजे १०. डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी बाइटमध्ये दिली असेल तर हे आधीच धरून चाला, नाहीतर शब्द अक्षराच्या मधेच कापला जातो आणि शेवटी प्रश्नचिन्हाची चौकट दिसते.

याचा एक फार कामाचा उपयोग सांगतो. कधी कधी मराठी मजकुराचा पार कचरा होतो, डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए आणि गोल चलनचिन्हं यांची रांग लागते. ते कशामुळे तर यूटीएफ-८ चे बाइट विंडोज-१२५२, म्हणजे इंग्रजी-युरोपी अक्षरांची जुनी पद्धत, समजून वाचल्यामुळे. ई० म्हणजे तो रेघवाला ए, ए४ म्हणजे ते चलनचिन्ह, आणि तिसरा बाइट खरं अक्षर सांगतो. बी१ म्हणजे अधिक-उणे चिन्ह आणि बी० म्हणजे अंशाचं छोटं वर्तुळ. म्हणजे कचऱ्यातही अधिक-उणे दिसलं की तिथे ऱ होता आणि वर्तुळ दिसलं की र होता, हे नुसत्या नजरेने सांगता येतं! फक्त हलन्तापाशी धोका आहे, कारण त्याचा शेवटचा बाइट ८डी आणि विंडोज-१२५२ मध्ये त्या जागी कुठलंही चिन्ह नेमलेलं नाही. काही प्रोग्रॅम तो बाइट टाकूनच देतात, मग मजकूर परत फिरवला तरी हलन्त गेलेला असतो. म्हणून असा बिघडलेला मजकूर कॉपी-पेस्ट करून सुधारत बसू नका, मूळ फाईल घ्या आणि तीच यूटीएफ-८ म्हणून उघडा.

दुसरी पद्धत, आणि ती का नको

हाच अर्धा र आणखी एका रीतीने निघतो: साधा र, हलन्त, आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर म्हणजे यू+२००डी. हा जॉइनर दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त शेजारच्या अक्षराला सांगतो की तू अर्ध्या रूपात ये. र आणि हलन्तानंतर जॉइनर आला की रफार न होता पापणीवाला र दिसतो. ही सोय युनिकोडच्या २.० आवृत्तीशी, म्हणजे १९९६ सालच्या, जुळवून घेण्यासाठी ठेवलेली आहे. नेपाळी लिखाणात ही पद्धत सर्रास चालते आणि मराठीतही कितीतरी कीबोर्ड हेच आतून करतात, आपल्याला पत्ताही नसतो.

पडद्यावर दोन्ही अगदी डिट्टो सारखे दिसतात. आत मात्र एक शब्द पाच कोडचा आणि १५ बाइटचा, दुसरा सहा कोडचा आणि १८ बाइटचा. तुम्ही एका पद्धतीने शोधलं आणि लेखात दुसरी पद्धत असेल तर "सापडलं नाही" असं उत्तर येऊ शकतं, आणि माणूस वेडा होतो कारण शब्द डोळ्यांसमोर दिसतोय. आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे बरोबरीचे मानलेले मजकूर एका साच्यात आणायची सोय, इथे कामाला येत नाही हे नीट ध्यानात ठेवा, कारण त्या नियमांनुसार हे दोन वेगळेच मजकूर आहेत. ऱ ०९३१ हा र अधिक नुक्ता (०९३सी) यांच्या बरोबरीचा मानलेला आहे, एनएफडी (नॉर्मलायझेशनचा फोडणारा प्रकार) केलं की तो फुटून दोन होतो आणि एनएफसी (जोडणारा प्रकार) केलं की परत जुळून एक होतो, तेवढं ते करतं. जॉइनरवाल्याला ते हात लावत नाही.

पण माझा जॉइनरला खरा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. न दिसणारी चिन्हं काढून टाकायची सवय पुष्कळ सॉफ्टवेअरना असते. फॉर्म भरताना, युजरनेममध्ये, लिंक बनवताना, फाईल एका सिस्टिममधून दुसरीकडे नेताना कुठेतरी एखादा फिल्टर बसलेला असतो आणि तो जॉइनर उडवतो. उडवला की उरतं काय? र, हलन्त, य. म्हणजे रफार. म्हणजे तुमच्या दऱ्यांचा दर्या झाला, आचाऱ्यांचे आचार्य झाले, कुठे एरर नाही, कुठे लाल रेघ नाही कारण नवीन शब्दही डिक्शनरीत आहे. डोमेन नावांच्या जुन्या २००३ च्या नियमांत तर जॉइनर सरळ गाळला जायचा, पुढच्या नियमांत हलन्तानंतर तो चालेल अशी सवलत आली. अर्थाचा फरक खऱ्या अक्षरात असला पाहिजे, न दिसणाऱ्या चिन्हाच्या भरवशावर ठेवायचा नाही. म्हणून मराठी लिहिताना ०९३१ वालीच पद्धत वापरा.

टाईप कसं करायचं

इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड, वापरत असाल तर काम एकदम सोपं. र जिथे आहे, म्हणजे जे च्या बटणावर, तिथेच शिफ्ट धरून ऱ आहे. हलन्त डी वर, य स्लॅशवर, काना ई वर. म्हणजे दऱ्या साठी: ओ, शिफ्ट धरून जे, डी, स्लॅश, ई. शिफ्ट-जे दाबल्यावर खाली नुक्ता असलेला र दिसेल, घाबरायचं नाही, डी आणि स्लॅश झालं की तो वळून अर्धा होतो. ऱ्ह साठी शेवटी स्लॅशच्या जागी यू, तिथे ह आहे. तऱ्हा, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, वऱ्हाड सगळं याच रीतीने.

फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायच्या) कीबोर्डवर काही ठरलेलं नाही, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. जे सुचवलेले शब्द देतात त्यांच्यात अख्खा शब्द टाईप करून यादीतला बरोबर शब्द निवडायचा, पण तो आतून कुठल्या पद्धतीचा आहे ते खाली सांगितलंय तसं एकदा तपासून घ्या. मोबाईलच्या काही कीबोर्डवर र दाबून धरला की ऱ वर येतो, मग हलन्त आणि य.

काहीच जमत नसेल तर कोडनेच टाका. वर्डमध्ये ०९३१ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा, ऱ होतो. लिनक्सवर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून मग ०९३१ आणि एंटर. मॅकवर युनिकोड हेक्स इनपुट हा कीबोर्ड चालू करून ऑप्शन धरून ०९३१. रोज लिहिणाऱ्याने मात्र हे असं करत बसू नये, ऑटोकरेक्टमध्ये एखादं शॉर्टकट बनवून ठेवावं किंवा सरळ इनस्क्रिप्ट शिकावं, आठवडाभर त्रास होतो आणि मग बोटं आपोआप जातात.

तपासायचं कसं

सगळ्यात सोपी युक्ती बॅकस्पेसची. शब्द कुठल्याही साध्या एडिटरमध्ये पेस्ट करा आणि शेवटून एक एक बॅकस्पेस मारत जा. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एका वेळी एकच कोड खातो. दऱ्या पाच बॅकस्पेसमध्ये संपला तर ऱ वाला, सहा लागले आणि मधे एकदा काहीच न पुसल्यासारखं वाटलं तर जॉइनर आहे. दोन बॅकस्पेसनंतर, म्हणजे काना आणि य गेल्यावर, काय उरतं तेही बघा. नुक्तावाला पाय मोडलेला ऱ उरला तर छानच.

स्प्रेडशीट असेल तर आणखी सोपं, लेन हे सूत्र त्या सेलवर लावा, ५ आलं की चांगलं, ६ आलं की जॉइनर. हजारो ओळी असतील तर सबस्टिट्यूट आणि युनिकॅर ही दोन सूत्रं मिळून बदलून टाका: युनिकॅरला २३५२, २३८१ आणि ८२०५ देऊन तिन्ही जोडा, हे झालं शोधायचं; आणि २३५३ आणि २३८१ जोडा, हे झालं त्याजागी टाकायचं. हे आकडे नेहमीचे दशमान आहेत, र, हलन्त, जॉइनर आणि ऱ यांचेच. कोड लिहिणाऱ्यांनी मजकूर आत घेतानाच हेच करावं आणि शोधायला आलेल्या शब्दावरही करावं, नाहीतर अर्धंच काम होतं. फक्त मजकूर मराठीच आहे याची खात्री करा, नेपाळी असेल तर हात लावू नका, त्यांची पद्धत वेगळी आहे.

जुनं लिखाण दुरुस्त करताना

इथे जरा जपून. जॉइनरवालं बदलणं बिनधोक आहे, डोळे मिटून करा. डॅशवालं, म्हणजे शेतक-यांना, हे अर्धं बिनधोक. डॅशचा कोड ००२डी, तो एक साधा डॅश आहे, कॉम्प्युटरला तिथे र असल्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे शेतकऱ्यांना शोधलं तर हा लेख येणार नाही, ओळ संपताना शब्द डॅशवर तुटून "शेतक-" वर आणि "यांना" खाली असा होतो, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर "शेतक यांना" वाचतं. दृष्टिहीन वाचकाला हे ऐकून काय कळणार? डॅश आणि लगेच य असं शोधून त्याजागी ऱ, हलन्त, य टाकत जा, पण एक एक बघून, कारण "उद्या-या आठवड्यात" अशा ठिकाणी डॅश खरा असतो. डॅश आणि ह चं पण तसंच, "व-हाड" मधला बदला पण "तो-ही-हे" मधले डॅश राहू द्या.

रफारवालं मात्र सरसकट कधीच बदलू नका. सूर्य, कार्य, पर्याय, आचार्य, मर्यादा, अर्हता हे रफारचेच शब्द आहेत. तिथे शब्दांची यादीच लागते: करी, कारी, चारी, दरी, पायरी, सुरी, दुसरा, वारा अशा शब्दांच्या रूपांत ऱ्य येतो, म्हणजे मूळ शब्दात रा किंवा री असेल आणि विभक्ती लागून किंवा अनेकवचन होऊन य आला असेल तर बहुतेक ऱ्य. सुरीच्या सुऱ्या, वाराचं वाऱ्यावर, नोकरीच्या नोकऱ्या. यादी करून शब्द शब्द बदला, वेळ लागतो पण दुसरा रस्ता नाही.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधलं लिखाण असेल तर ती वेगळीच भानगड. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार चिकटवलेले होते आणि पापणीवाल्या र ला प्रत्येक फॉन्टने आपल्या मनाने जागा दिली होती, म्हणून कन्व्हर्टर नेमका इथेच अडखळतो. कन्व्हर्ट करण्याआधी दऱ्या, तऱ्हा, ऱ्हास आणि सूर्य हे चार शब्द त्या फॉन्टमधून काढून फिरवून बघा, चारही नीट आले तरच बाकीचं करा. ऱ्हास मुद्दाम घ्यायचा, कारण त्यात अर्धा र शब्दाच्या सुरुवातीलाच आहे आणि मागच्या अक्षराकडे बघून अंदाज बांधणारे कन्व्हर्टर तिथे फसतात.

असेच जुळे कोड मराठीत आणखीही आहेत, ॲ बघा. त्याला ०९७२ हा स्वतःचा कोड २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये मिळाला, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे आणि अजून देतात. सफाई करताच आहात तर तेही एका झटक्यात करून घ्या.

दिसतच नसेल तर

सगळं बरोबर टाईप करूनही नुक्तावाला ऱ आणि खाली मोडलेला पाय तसाच दिसत असेल तर दोष फॉन्टचा. फॉन्टमध्ये हाफ नावाचं एक फीचर असतं, त्यात ऱ अधिक हलन्त यांच्यासाठी अर्ध्या र चा आकार जोडलेला असावा लागतो, काही सजावटी फॉन्ट बनवणारे ते विसरतात किंवा फक्त जॉइनरवाल्यासाठी जोडतात. मजकूर बदलू नका, फॉन्ट बदलून बघा, नोटो सॅन्स देवनागरी टाकला की लगेच कळेल मजकूर ठीक होता की नाही. आणि फॉन्ट बनवणाऱ्याला कळवा, एवढी एक जोडणी करायला त्यांना फार वेळ लागत नाही.

अक्षरं मोजतानाही थोडं सांभाळा. दऱ्या वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात, प्रोग्रॅम ५ म्हणतो. डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायचे युनिकोडचे वेगळे नियम आहेत आणि देवनागरीतलं जोडाक्षर एकच धरायचा नियम त्यात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुनी लायब्ररी ऱ् आणि या वेगळे मोजून ३ सांगेल आणि नवी २ सांगेल. एसएमएसमध्ये मात्र मोजणी कोडचीच, मराठी असला की एका मेसेजमध्ये ७०, तिथे जॉइनर दिसत नसला तरी एक जागा खातोच.

क्रम लावताना नुसत्या कोडच्या आकड्यावर यादी लावली तर दऱ्या हा दर, दरवाजा, दरी, दरोडा या सगळ्यांच्या नंतर जातो, कारण ०९३१ हा ०९३० पेक्षा मोठा. शब्दकोश किंवा नावांची यादी करत असाल तर मराठीसाठीचं कोलेशन (क्रम लावायचे नियम) निवडा, त्यात ऱ हा र चाच भाऊ मानला जातो आणि दऱ्या जाऊन दर्याच्या शेजारी बसतो.